खिळे घासणाऱ्यांचे रक्त

माझे वडील खिळे घासायचे. छापखान्यातले खिळे, म्हणजे शिशाचे टाइप. कंपोझिटर अक्षरे जुळवतो हे पुष्कळांना ठाऊक असते. ओतारी साच्यात वितळलेला धातू ओततो हेही काहींना ठाऊक असते. पण साच्यातून निघालेल्या खिळ्याला मागे शेपूट असते आणि त्याच्या कडा खरखरीत असतात. शेपूट मोडून, कडा दगडावर घासून साफ केल्या, की मगच तो खिळा शेजारच्या खिळ्याला लागून ताठ उभा राहतो. आप्पा बाराव्या वर्षी, १९३६ साली, गिरगावातल्या एका टाइप फाउंड्रीत या कामाला लागले आणि पस्तीस वर्षे तेच करत राहिले.

मराठी मुद्रणाच्या इतिहासात या कामाला मोठा मान असायला हवा. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले ते टाइप घासायलाच. त्यांनी १८६४ साली स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्या छापखान्याची संस्कृत पुस्तके देशभर गेली. त्यांचे टाइप किती रेखीव होते, यावर खूप लिहिले गेले आहे. त्या टाइपांच्या भुकटीवर कोणी लिहिलेले मी वाचलेले नाही.

खिळ्याच्या धातूत सर्वांत मोठा वाटा शिशाचा. तो कडक व्हावा आणि थंड होताना आकसू नये म्हणून त्यात अँटिमनी घालत, आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट पोचावा म्हणून कथील. फाउंड्रीत सगळे भट्टीला भीत. पण शिसे ३२७ अंशांना वितळते, आणि त्याची वाफ उठायला त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. खरा धोका होता तो कढईवरची राख काढताना उडणाऱ्या धुळीत आणि घासताना पडणाऱ्या करड्या भुकटीत. ती बोटांना लागे, नखांत बसे. त्याच हातांनी आप्पा तंबाखू मळत आणि त्याच हातांनी दुपारची भाकरी खात. संध्याकाळी घरी आले की आम्ही मुले त्यांच्या सदऱ्याला बिलगायचो.

मालक रोज प्रत्येकाला दूध देत आणि वर गुळाचा खडा. दूध प्याले की शिसे बाधत नाही, असा सर्वांचा विश्वास होता. मालकांच्या मनात वाईट काही नव्हते. पण दूध अंगातले शिसे बाहेर काढत नाही. तिथे साबण, वाहता नळ आणि जेवायला वेगळी जागा हवी होती. दूध मिळे, म्हणून या गोष्टी कोणी मागितल्या नाहीत.

१९७१ साली मी प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे शिक्षण घेत होते. आप्पांना तेव्हा पोटात कळा येत, बद्धकोष्ठ असे, चेहरा पांढराफटक पडलेला. डॉक्टरांनी दोन वर्षे लोहाचे टॉनिक दिले, उपयोग शून्य. सरावासाठी म्हणून मी त्यांच्या बोटातून रक्त घेतले. हिमोग्लोबिन साडेआठ भरले. काचेवर थेंब पसरून लीशमनचा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तांबड्या पेशींत बारीक निळे ठिपके विखुरले होते. असे ठिपके मी आठवड्यापूर्वीच शिकवणीत पाहिले होते, शिशाच्या विषबाधेच्या स्लाइडवर. मग त्यांचा ओठ वर करून पाहिला. हिरडीच्या काठाने निळसर रेघ होती. हीच खूण लंडनच्या हेन्री बर्टन या डॉक्टरांनी १८४० साली नोंदवली होती.

टॉनिकने गुण का येत नव्हता, हे मला त्या दिवशी उमगले. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीममध्ये लोह बसवणारे एक विकर असते. शिसे नेमके तेच अडवते. लोह शरीरात असते, पण जागेवर बसत नाही. आप्पांनी काम सोडले तेव्हा रक्त हळूहळू सुधारले. हाडांत साठलेले शिसे मात्र बाहेर पडायला कित्येक वर्षे लागतात.

कायदा नव्हता असे नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत शिशाची विषबाधा होती. १९४८ च्या कारखाने कायद्यात तर डॉक्टरांनी कळवायच्या रोगांत तिचे नाव पहिलेच होते. पण तो कायदा लागू व्हायला यंत्रशक्ती असेल तर दहा कामगार लागत, नसेल तर वीस. आप्पांच्या फाउंड्रीत सहा माणसे होती. गल्लीबोळांतल्या छोट्या फाउंड्र्या आणि छापखाने असेच कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. आणि डॉक्टरांनी कळवावे, तर आधी त्यांनी रोग्याला ‘तुम्ही काय काम करता?’ असे विचारायला हवे. आप्पांना तो प्रश्न कुणी विचारला नाही.

आता खिळे गेले. संगणकाच्या पडद्यावर अक्षर येते, कोणी काही घासत नाही. शिसे मात्र गेलेले नाही. जुन्या बॅटऱ्या फोडणारे आणि त्यांतले शिसे वितळवणारे हात आजही तसेच करडे असतात, आणि त्या हातांनीही जेवणाचा डबा उघडला जातो.

तुमच्या घरातले कोणी असे काम करत असेल, तर तीन गोष्टी करा. जेवणाआधी आणि घरी येण्याआधी त्यांना साबणाने हात धुवायला लावा. कामाचे कपडे घरात आणू देऊ नका. आणि डॉक्टर विचारोत न विचारोत, घरच्या माणसाचे काम काय आहे ते त्यांना आपणहून सांगा आणि त्याच्या रक्तातले शिसे तपासून घ्या.