गोचीड आणि परवाना

1986 साली अमेरिकेत बॉस्टनच्या आसपास ‘न्यू इंग्लंड कॉमिक्स’ नावाची दुकानं होती. चित्रकथा विकायची. गिऱ्हाइकांसाठी दुकानातर्फे एक लहानसं वार्तापत्र निघायचं आणि त्यासाठी बेन एडलंड या शाळा संपवण्याच्या वयातल्या पोरानं एक पात्र काढून दिलं. निळाशार, पहाडासारखा माणूस, डोक्यावर दोन मिशा. नाव ‘द टिक’. टिक म्हणजे गोचीड. आपल्याकडे म्हशीच्या कानामागे चिकटलेली असते, तीच. खऱ्या गोचिडीला आठ पाय असतात आणि डोक्यावर मिशा अजिबात नसतात. म्हणजे हा गडी ज्या जिवाचं नाव लावतो, त्या जिवासारखाही दिसत नाही. विनोदाची सुरुवात तिथूनच आहे.

त्याच 1986 मध्ये ‘वॉचमेन’ आणि ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या दोन चित्रकथा येऊ लागल्या होत्या. महानायक एकदम गंभीर झाला होता. दाढीचे खुंट वाढलेले, मनात जुन्या जखमा, रस्त्यावर कायम पाऊस. दुसरीकडे, 1984 साली दोन मित्रांनी स्वतःच छापलेली ‘निंजा टर्टल्स’ ही थट्टेची चित्रकथा तुफान चालली होती आणि छोट्या प्रकाशकांना हिंमत आली होती. त्या लाटेत 1988 साली टिकचं स्वतःचं पुस्तक निघालं. पुढे 10 सप्टेंबर 1994 पासून फॉक्स वाहिनीवर शनिवारी सकाळी त्याची कार्टून मालिका सुरू झाली. तीन हंगाम, 36 भाग, 1996 मध्ये समाप्त.

एक गोष्ट मला फार गमतीची वाटते. ही मालिका काढणारी सनबो ही कंपनी एका जाहिरात संस्थेच्या पोटातून जन्मलेली. ऐंशीच्या दशकात अमेरिकी सरकारनं मुलांच्या कार्यक्रमांवरचे जाहिरातींचे निर्बंध सैल केले, तेव्हा खेळणी खपवण्यासाठी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ आणि ‘जी. आय. जो’ पडद्यावर आणण्यात हिचा हात होता. ज्या घरानं दहा वर्षं मुलांना पिळदार दंडांचे नायक विकले, त्याच घरातून पिळदार दंडांवर हसणारी मालिका निघाली. शिवाय त्याच वाहिनीवर ‘एक्स-मेन’ पूर्ण गांभीर्यानं जग वाचवत होते. शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून शेजाऱ्याची नक्कल करण्यातला प्रकार.

टिकमध्ये ताकद अफाट आहे. तो जवळजवळ अभेद्य. पहिल्याच भागात नेवाडातल्या रीनो गावी महानायकांचं एक संमेलन भरतं. तिथे परीक्षा घेऊन नायकांना शहरं वाटून दिली जातात, थेट शिक्षकांच्या बदल्यांसारखी. टिकच्या वाट्याला एक शहर येतं, त्याचं नावच ‘द सिटी’. आता याला अक्कल किती? तर न्याहारीचे पोहे खाताना हातातला चमचा पाहून त्याला युद्धघोष सुचतो: ‘स्पून!’ पोहे म्हणजे दुधातले, आपले कांदेपोहे नव्हेत. पुढे भिंती फोडताना, छपरावरून छपरावर उड्या मारताना तो ‘चमचा!’ असं गर्जत राहतो. मधूनमधून भाषण ठोकतो. भाषणातली एक उपमा दुसरीत घुसते, दुसरी तिसरीत, आणि शेवटी आपण कुठून निघालो होतो हे त्यालाच कळत नाही. मी भाषा शिकवतो. वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसावं लागतं. अशी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत.

उर्दू वाचलेल्याला इथे खोजी आठवल्याशिवाय राहत नाही. पंडित रतननाथ सरशार यांचं ‘फसाना-ए-आझाद’ 1878 पासून लखनौच्या ‘अवध अखबार’मध्ये क्रमशः छापून येत होतं. त्यातला आझादचा सोबती खोजी: अंगानं चिमूटभर, अफूचा शौकीन, आणि जरा कुणी छेडलं की कमरेला नसलेल्या करौलीची धमकी देणारा. पण खोजी अशक्त आहे आणि स्वतःला रुस्तम समजतो. सरशार त्याच्या तोंडून नवाबी लखनौच्या उतरत्या रुबाबावर हसत होते. टिकचं नेमकं उलटं. त्याची ताकद खरी आहे. खोटा आहे तो हा समज, की ताकद आहे म्हणजे शहाणपणही आलंच असेल. हरलेल्या समाजाला खोजी सुचतो. नव्वदच्या दशकातल्या, सोव्हिएत संघ कोसळल्यावर जगात एकटाच पहिलवान उरलेल्या अमेरिकेत टिकची मालिका निघावी, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

आपल्याकडे 1997 साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ आला. त्यातला गंगाधर धांदरट होता खरा, पण ते सोंग होतं, 1938 च्या सुपरमॅनमधल्या क्लार्क केंटसारखंच. चष्मा उतरला की धांदरटपणा संपला. टिककडे उतरवायला काहीच नाही. मागचं आयुष्य नाही, दुसरं नाव नाही, घरही नाही. तो राहतो आर्थरच्या घरात.

आणि मालिकेचा जीव माझ्या मते या आर्थरमध्ये आहे. हा एका कचेरीत हिशेबनीस. जाडसर, सौम्य, जरा घाबरट. एक दिवस तो पांढरा, पंखांचा पोशाख घालून कामावर जातो आणि त्याची नोकरी जाते. हिशेबात चूक नाही, कुणाशी भांडण नाही. पोशाखाचं कारण पुरतं. हे दृश्य कार्टूनमध्ये काही क्षणांत उरकतं. मुलं हसून पुढे जातात. माझ्यासारखा माणूस तिथे थोडा वेळ थांबतो. कपड्यांवरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या कचेऱ्या फक्त कार्टूनमध्ये असतात असं थोडंच आहे?

पुढचा विनोद त्याहून बोचरा. आर्थरचा पोशाख पतंगाचा आहे, दिव्यावर झेपावणाऱ्या किड्याचा. पण डोक्यावरच्या लांब मिशांमुळे लोकांना तो ससा वाटतो. तो बिचारा भागामागून भाग सांगत राहतो, की मी ससा नाही, पतंग आहे. तुम्ही कोण आहात हे तुम्ही कितीही वेळा सांगा, बघणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. त्यावर आर्थर चिडत नाही. पुन्हा एकदा समजावून सांगतो.

या पतंगाला उर्दूत परवाना म्हणतात. शमा आणि परवाना, शायरीतली शेकडो वर्षांची जोडी. मराठीत परवाना म्हणजे लायसन्स. उर्दूतही तो अर्थ आहेच. एडलंडला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही, पण आर्थरची अवघी गोष्ट या एका शब्दात बसते. त्याच्याकडे ताकद नाही, कुणी नेमणूक दिलेली नाही. त्यानं पंख लावले तेच त्याचं लायसन्स. शमा म्हणून मिळाला तो एक निळा पहिलवान, जो त्याच्या घराची भिंत कधी फोडेल याचा नेम नाही. एका भागाचं नावच ‘द टिक विरुद्ध आर्थरचं बँक खातं’ असं आहे. ताकदीचा खर्च कुणाच्या खात्यातून जातो, हे इतक्या साधेपणानं विचारणारी दुसरी महानायकाची गोष्ट मला माहीत नाही.

खलनायकांमध्ये चेअरफेस चिपेंडेल सर्वांत वरचा. डोक्याच्या जागी लाकडी खुर्ची, वागणं खानदानी, बोलणं मधाळ. खुर्ची डोक्यात जाण्याचा मराठी वाक्प्रचार अमेरिकेत इतका शब्दशः कसा पोचला कोण जाणे! या गृहस्थाला प्रचंड किरणयंत्रानं चंद्रावर आपलं नाव कोरायचं असतं. टिक आणि आर्थर त्याला अडवतात, पण तोवर नावाची पहिली तीन इंग्रजी अक्षरं कोरून झालेली असतात.

त्या काळच्या मुलांच्या कार्टूनचा एक अलिखित नियम होता: भाग संपला की सगळं जागच्या जागी. पडलेली इमारत पुढच्या शनिवारी उभी. इथे तसं होत नाही. नंतरच्या भागांतही चंद्रावर ती कोरीव खूण दिसते.  ज्या चंद्राकडे बघून आपल्या घरात रोजे सुरू होतात आणि ईद ठरते, त्या चंद्रावर एका खुर्चीचं अर्धवट नाव, आणि खाली शहर आपल्या कामाला लागलेलं.

मूळ मालिका संपल्यावर टिक दोनदा जिवंत नटांसह परत आला. 2001 मध्ये फॉक्सनं केलेली मालिका नऊ भागांत आटोपली. ॲमेझॉनच्या मालिकेचा पहिला भाग 2016 मध्ये आला आणि 2019 पर्यंत दोन हंगाम झाले. या दुसऱ्या खेपेला लेखकांनी गोष्ट सांगायला घेतली ती आर्थरच्या बाजूनं, त्याच्या लहानपणापासून. निळा पहिलवान मागून येतो.