काटकसर आणि प्राथमिक शाळा : मुंबई इलाख्यापासून महाराष्ट्रापर्यंतच्या धोरणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेस, उत्तन-डोंगरीच्या परिसरात तारोडी हे छोटे गाव वसलेले आहे. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली, १९९० मध्ये या परिसरातील ग्रामपंचायती तीत समाविष्ट झाल्या आणि २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. गावाचा कारभार असा एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे जातो, तेव्हा गावातील मुलांच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलावयाचा, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. हा प्रश्न जुना आहे. शासनाची तिजोरी अडचणीत असताना प्राथमिक शिक्षणात काटकसर कोठे झाली व तिचा परिणाम काय झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्थानिक उपकर आणि फुले यांचे निवेदन

मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसविण्यात आला व त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी ठरविण्यात आला. १८६९ च्या कायद्याने या व्यवस्थेला वैधानिक आधार मिळाला. शाळेसाठी निश्चित उत्पन्न राखून ठेवण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होता. तथापि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी त्यातील विसंगतीवर बोट ठेवले. महसूल रयतेच्या कष्टातून उभा राहतो, शिक्षणाचा लाभ मात्र प्रामुख्याने वरिष्ठ वर्गांना मिळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. खर्च कमी करण्यासाठी शिक्षकाचे वेतन कमी ठेवावे, हा मार्गही त्यांना मान्य नव्हता. शिक्षकाला दरमहा किमान बारा रुपये व मोठ्या गावांत त्याहून अधिक वेतन मिळावे, अशी त्यांची मागणी होती. म्हणजेच पैसा किती आहे यासोबतच तो कोणाकडून येतो व कोणावर खर्च होतो, हा प्रश्न त्यांनी धोरणाच्या केंद्रस्थानी आणला.

सक्तीचा कायदा आणि अपुरे अनुदान

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. खर्चाचा बोजा हा विरोधातील एक प्रमुख मुद्दा होता. विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने हे क्षेत्र जिल्हा लोकल बोर्डांपर्यंत विस्तारले. सक्तीच्या मंजूर योजनेवरील वाढीव खर्चापैकी नगरपालिकांना निम्मा व लोकल बोर्डांना दोन तृतीयांश वाटा सरकारने द्यावयाचा होता. परंतु जबाबदारी स्थानिक संस्थांकडे गेली, तरी योजनेला मंजुरी देण्याचा निर्णय सरकारच्या हाती राहिला. आर्थिक टंचाई वाढू लागताच योजना खोळंबू लागल्या.

१९२९ च्या हार्टोग समितीने या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये केवळ १८ मुले चौथीत पोहोचली होती. मूल साक्षर होण्यापूर्वीच शाळा सोडत असेल, तर त्याच्यावरील खर्च बव्हंशी वाया जातो. समितीने यावरून विस्तारापेक्षा दृढीकरणावर भर देण्याची शिफारस केली. मात्र गळतीच्या कारणांवर उपाय न करता केवळ विस्तार थांबविल्यास दूरच्या वस्त्यांतील मुले शाळेबाहेरच राहतात, हे या शिफारशीच्या मूल्यमापनात लक्षात घ्यावे लागते.

स्वयंसेवी शाळा ते वस्तीशाळा

१९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासमोर दुहेरी पेच होता. दारूबंदीमुळे अबकारी उत्पन्न घटणार होते आणि शिक्षणाचा विस्तार तर करावयाचा होता. शाळा नसलेल्या गावांत अनुदानाच्या आधारे स्वयंसेवी शाळा काढण्याचा मार्ग त्यातून पुढे आला. स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या कायद्याने शासनाची जबाबदारी अधिक स्पष्ट झाली व १९६२ पासून ग्रामीण शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या.

२००० च्या सुमारास राज्याची आर्थिक स्थिती बिकट असताना जुनाच मार्ग नव्या नावाने अवलंबिण्यात आला. शिक्षणसेवक योजनेत नव्या प्राथमिक शिक्षकाची पहिली तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधनावर नेमणूक होऊ लागली. वस्तीशाळा योजनेत दुर्गम वस्त्यांवर अल्प मानधनाच्या स्थानिक शिक्षकांनी वर्ग चालविले. शाळा मुलाच्या दारी पोहोचली, हे या योजनेचे मोठे यश होय. परंतु या शिक्षकांना २०१४ मध्ये नियमित सेवेत सामावून घ्यावे लागले आणि शिक्षणसेवकांचे मानधन २०१२ मध्ये ६,००० व २०२३ मध्ये १६,००० रुपये करावे लागले. वाचविलेला खर्च प्रत्यक्षात पुढे ढकलला गेला होता. दरम्यान १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. तरीही २०१७ मध्ये कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला व २०२३ मध्ये समूह शाळांचा विचार पुढे आला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, शिक्षकाच्या वेतनातील काटकसर तात्पुरती ठरते. तिची भरपाई पुढील शासनाला करावी लागते, पण त्या काळात शिकलेल्या मुलांना ती मिळत नाही. दुसरी, निधीची हमी न देता जबाबदारी सोपविल्यास स्थानिक संस्थेची इच्छाशक्तीही निष्फळ ठरते. तिसरी, पटसंख्या हाच एकमेव निकष मानल्यास तारोडीसारख्या लहान गावांची व वस्त्यांची बाजू आरंभापासूनच दुबळी पडते. म्हणून अंदाजपत्रकात कपात अटळ असल्यास, सर्वांत लहान गावातील मुलावर तिचा काय परिणाम होईल, ही कसोटी प्रथम लावावी लागेल. फुले यांनी १८८२ मध्ये उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याशिवाय पूर्ण होत नाही.