परत आलेल्यांची गणती

आमचे बाळूमामा तेव्हा कीवला इंजिनिअरिंग शिकत होते. त्यामुळे चेर्नोबिल लालबागच्या आमच्या घरात आलं ते त्यांच्याच तोंडून. त्यात पाहिलेलं किती नि ऐकीव किती, हे आता मामांनाही सांगता येत नाही.

26 एप्रिल 1986च्या पहाटे चेर्नोबिल वीजकेंद्राची चौथी अणुभट्टी फुटली. दुसऱ्या दिवशी हजारावर बसगाड्या लावून जवळपास 50,000 वस्तीचं शेजारचं प्रिप्यात शहर रिकामं केलं. तीन दिवसांपुरतं सामान घ्या, असं सांगून. कीवमध्ये मात्र मे दिनाची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. टँकर येऊन रस्ते धुऊ लागले, तेव्हा पोरांना शंका आली म्हणे.

पुढे आयर्लंडचं लोणी मुंबईत उतरलं. त्यात चेर्नोबिलचा किरणोत्सर्ग आहे म्हणून गवगवा झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे ते निर्धोक ठरलं. पण आजीच्या कोर्टात अपील नव्हतं. ती साय विरजायची, रवीनं घुसळायची आणि बोटभर लोणी आमच्या भाकरीवर थापायची.

आजीला मामांच्या गोष्टीतल्या म्हाताऱ्या फार आवडत. भट्टीभोवतीच्या रिकाम्या केलेल्या पट्ट्यात राहायची बंदी मोडून हजारेक माणसं आपापल्या गावी परतली, त्यांत बायकाच जास्त. बटाटे लावले, कोंबड्या पाळल्या. अळंबी किरणोत्सर्गी सिझियम शोषते, असं कानीकपाळी ओरडून सांगितलं तरी रानातून वेचून आणली. आजीचं माहेर बामणोलीकडचं, कोयना धरणाच्या पाण्यात गेलेलं. ती म्हणायची, “माझं गाव पान्याखाली हाय, न्हाईतर मीबी गेले असते.”

म्हाताऱ्यांना शेजार लाभला लांडग्यांचा. भट्टीजवळचं पाइनचं रान तांबडं पडून मेलं होतं, ते बुलडोझरनं पुरलं. पण बाकी पट्ट्यात नांगर थांबला, शिकार घटली, तशी एल्क, रानडुकरं, बीव्हर वाढले. 1998च्या सुमारास सोडलेली प्रझेवाल्स्कीची रानघोडी ओस पडलेल्या गोठ्यांत आसरा घेऊ लागली. बेलारूसच्या बाजूला लांडगे इतर अभयारण्यांच्या सातपट असल्याचं 2015 साली छापून आलं. अर्थात सगळंच गोमटं नाही. जास्त दूषित भागांत पक्षी-किडे कमी दिसल्याचं दुसरे संशोधक सांगतात, आणि सिझियमचा जोर निम्म्यावर यायलाच 30 वर्षं लागतात.

मामा एकदा म्हणाले, “माणूस गेला की रान सुखावतं.” आजी भडकली, “मग त्या म्हाताऱ्या कोन? मान्सं न्हाईत?” मामा गप्प. तेव्हापासून तिथल्या लांडग्या-घोड्यांची बातमी आली, की परत आलेल्यांत मी त्या म्हाताऱ्याही धरते.