जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेताय? आधी टायमिंग बेल्टचं बिल मागा
कोल्हापुरात एमएच-०९ पासिंगची जुनी ऑक्टाव्हिया आरएस विकायला निघाली, की पहिला प्रश्न ठरलेला : पळते किती? विचारायला हवं ते वेगळंच. टायमिंग बेल्ट कधी बदललाय? २००४ मध्ये भारतात आलेल्या या गाडीचं १.८ लिटर टर्बो इंजिन दीडशे अश्वशक्तीचं. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावंच लागतं. किलोमीटर कमी असले तरी रबर वयानेच संपतं. त्यामुळे बिल नसेल तर बेल्ट जुनाच आहे असं धरा. धातूचा बुश शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून मिळेलही, बेल्ट नाही.

१५ वर्षांनंतर फिटनेस तपासणी आणि दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलंच. २० वर्षांपुढच्या कारसाठी नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आलं.