न्यायमित्र : गरिबांच्या याचिकांचा आधार

जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने कारागृहातच राहिलेला कैदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचणार कसा? जनहित याचिकेने हा मार्ग खुला केला. मात्र न्यायालय एखाद्या पत्रावरून किंवा स्वतःहून दखल घेऊन सुनावणी सुरू करते, तेव्हा वस्तुस्थिती तपासून ती मांडणारे कोणी नसते. ही उणीव ‘न्यायमित्र’ अर्थात अॅमिकस क्युरी भरून काढतो.

न्यायमित्र कोण?

न्यायमित्र हा कोणत्याही पक्षकाराचा वकील नसतो. वस्तुस्थिती व कायदा निःपक्षपातीपणे न्यायालयापुढे ठेवणे, हे त्याचे काम. अमेरिकेत संस्था-संघटना स्वतःहून अशी लेखी निवेदने सादर करतात. भारतात सर्वसाधारणपणे न्यायालयच वकिलाची नेमणूक करते. आपले म्हणणे मांडू इच्छिणाऱ्या संस्था हस्तक्षेप अर्ज करतात.

तिहारमधील पत्र

दिल्लीच्या तिहार कारागृहातील सुनील बत्रा या कैद्याने सहकैद्याच्या छळाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानून वाय. एस. चितळे व मुकुल मुद्गल यांना न्यायमित्र नेमले. कारागृहात जाऊन कैद्याला भेटण्याचे, कागदपत्रे पाहण्याचे आणि साक्षीदारांशी बोलण्याचे अधिकार त्यांना देण्यात आले. प्रशासनाने जखमेची निराळी कारणे पुढे केली. न्यायालयाने मात्र छळ झाल्याचा निष्कर्ष काढला. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने डिसेंबर १९७९ मध्ये दिलेल्या निकालात कारागृहांत तक्रारपेट्या ठेवण्याचे आणि वकिलांच्या भेटींची सोय करण्याचे निर्देश होते.

पत्र ते निर्देश

माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांच्या २०१३ मधील पत्रावरून १,३८२ कारागृहांतील अमानुष स्थितीचे प्रकरण सुरू झाले. त्यात गौरव अग्रवाल न्यायमित्र होते. केवळ गरिबीमुळे जातमुचलका भरता न येणाऱ्यांना डांबून ठेवले जाऊ नये, याकडे जिल्हास्तरीय आढावा समित्यांनी लक्ष द्यावे, असे न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये बजावले. स्वतःहून दखल घेतलेल्या दुसऱ्या प्रकरणात, न्यायमित्रांच्या साहाय्याने, ३१ जानेवारी २०२३ रोजी पुढचे पाऊल पडले. जामीन मिळाल्यापासून महिनाभरात हमीपत्र सादर न झाल्यास अटी शिथिल करण्याचा विचार संबंधित न्यायालय स्वतःहून करू शकेल, असे निर्देश देण्यात आले.

मर्यादा

न्यायमित्राची बांधिलकी न्यायालयाशी असते. पीडिताच्या सूचनांनुसार तो चालत नाही. म्हणूनच तो विधी साहाय्याला पर्याय ठरत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती, महिला, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाच्या अटीविना मोफत वकील मिळू शकतो. न्यायमित्रामुळे सर्वांसाठी नियम बदलू शकतो; पण त्या नियमाचा लाभ एकेका कैद्याच्या पदरात पाडण्यासाठी त्याच्या बाजूने उभा राहणारा वकील लागतोच.