वाफे पाडलेला रेडिओ

वाशीमहून पुसदकडे निघालं की वाटेत आमचं अनसिंग लागतं. वाशीम जिल्हा 1998 साली झाला. त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यातले. त्या काळात स्टँडजवळ काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मर्फी, फिलिप्स, बुश अशी खोकी एकावर एक रचलेली, आणि सोल्डरच्या राळेचा वास. शाळा सुटली की मी तिथंच.

काका बेताचेच शिकलेले. पण मुका सेट आला की ते आधी व्हॉल्यूमच्या कंट्रोलला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्यावर बोट ठेवत. स्पीकर भुर्रर्र वाजला, म्हणजे तिथून पुढचं सगळं ठीक, बिघाड मागं. मग एकेक घर मागं जात: डिटेक्टर, आय.एफ., मिक्सर. म्हणत, "सेटले भेवाचं नाही बे. आवाज कोठं अडला, तेवढं पाहाचं."

अकोल्याला कॉलेजात असताना मला हौशी रेडिओचा नाद लागला. सरकारी परीक्षा द्यायची, मोर्स शिकायचं, परवाना मिळाला की आपल्या सेटवरून बोलायचं. परदेशी तयार सेट आवाक्याबाहेरचा. म्हणून 7 मेगाहर्ट्झचा रिसीव्हर स्वतःच बांधायला घेतला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले भाग एकाच पाटीवर दाटीवाटीनं जोडले. तीन महिने गेले. चालू केला तर नुसती कोल्हेकुई! इथं दुरुस्त करावं तर तिथं बिघडे.

काकांनी पाटी उलटीसुलटी करून पाहिली. "लेका, अख्ख्या वावरात एकदम पानी सोडलं तं कोठं फुटलं कसं समजन? वाफे पाड."

मी वाफे पाडले. ऑसिलेटर, मिक्सर आणि ऑडिओ, तिघांना तीन वेगळ्या पाट्या. प्रत्येकीला 12 व्होल्टची आपली वायर, आत जायची एक वाट, बाहेर यायची एक. ऑसिलेटर तुपाच्या डब्याच्या पत्र्यात बंद केला, म्हणजे त्याची लुडबूड शेजारी जायला नको. तो चालतो का, हे घरच्या शॉर्टवेव्ह रेडिओवर पाहिलं: 7 मेगाहर्ट्झपाशी खरखर एकदम दबली. ऑडिओची परीक्षा काकांच्या बोटानं. एक पाटी पास झाली की मगच दुसरी. पुढं परवाना आला तेव्हा ट्रान्समीटरच्या पाट्या नुसत्या शेजारी जोडल्या. रिसीव्हरला धक्का लागला नाही.

मग 1993 चा सप्टेंबर आला. 29 तारखेला गणपती बोळवले आणि 30 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सुमारे 10,000 माणसं गेली. काकांची लेक उमरग्याकडं दिलेली. फोन लागेना. काका माझ्या घरी येऊन बसले. हौशी रेडिओवाले तिकडचे निरोप पोचवत होते. अशा वेळी आपण मध्ये बोलायचं नसतं, ऐकायचं. रात्री ऐन वेळी सेट मुका झाला. काकांनी न बोलता बोट टेकवलं. भुर्रर्र नाही. ऑडिओची पाटी गेली होती. मी फळीवरची जादा पाटी काढली, चार वायरी जोडल्या, दहा मिनिटांत आवाज परतला. गावांची नावं येत राहिली. लेकीच्या गावाचं नाव आलं नाही. काका पहाटेपर्यंत हलले नाहीत. पाचव्या दिवशी पोस्टकार्ड आलं: सगळे सुखरूप.

हैदराबादच्या अशर फरहान यांनी 2003 साली बिटएक्स नावाचा सेट लोकांपुढं ठेवला. साधे ट्रान्झिस्टर, आणि कॉइल गुंडाळायला नळाचा वायसर! जगभरच्या लोकांनी तो घरी बांधला. बिटएक्समध्ये तेच अँप्लिफायर ऐकतानाही कामाला येतात आणि बोलतानाही. त्याची आकृती मी पहिल्यांदा उलगडली, तेव्हा मला त्यात चौकोन दिसले नाहीत, वाफेच दिसले. दाखवायला काका नव्हते.

त्यांच्या दुकानात आता मोबाईल दुरुस्त होतात. तिथला पोरगा हुशार आहे. पण सेट बंद पडला की म्हणतो, "बोर्डच बदलावा लागन." मी एकदा विचारलं, "अडलं कोठं, पाह्यलं का?" तो हसला. त्या जुन्या ऑडिओच्या दोन पाट्या अजून माझ्याकडं आहेत. एक चांगली, दुसरी त्या रात्री गेलेली. तिच्यात अडलं कुठं होतं, ते मात्र मी नंतर शोधून काढलं: एका कपॅसिटरचा पाय सुटला होता.