अतिदक्षता विभागातील कर्मचाऱ्यांचा थकवा : एक ऐतिहासिक मागोवा

वांकिडी हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. पुनर्रचनेनंतर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात समाविष्ट झाले. येथून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. २०२० च्या आरंभीच्या महिन्यांत तेलंगणातील कोविड रुग्णांवरील उपचार मुख्यत्वे हैदराबादच्या गांधी रुग्णालयात केंद्रित झाले. साहजिकच सीमेवरील गावांपर्यंतचा भार तेथील परिचारिका व कनिष्ठ डॉक्टरांवर येऊन पडला.

९ जून २०२० च्या रात्री एका रुग्णाच्या मृत्यूनंतर नातेवाइकांनी तेथील डॉक्टरांवर हल्ला केला. कनिष्ठ डॉक्टर रस्त्यावर उतरले. त्यांनी संरक्षण मागितले, हे अपेक्षितच होते. परंतु रुग्णांची विभागणी इतर रुग्णालयांत करावी आणि मनुष्यबळ वाढवावे, या त्यांच्या मागण्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या आहेत.

याचे कारण असे की, अतिदक्षता विभागाचा उगमच मनुष्यबळाच्या प्रश्नातून झाला. १९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली, तेव्हा श्वसनयंत्रे मोजकीच होती. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या पद्धतीनुसार सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने रबरी पिशवी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. पुढे यंत्रे आली. हात मोकळे झाले, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात यंत्राशेजारी अहोरात्र जागणारा माणूस कायमच राहिला.

या थकव्याला शास्त्रीय नाव मात्र उशिरा मिळाले. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यातील स्वयंसेवकांच्या निरीक्षणावरून हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ची मांडणी केली. क्रिस्टिना मास्लाक यांच्या १९८१ च्या मापनश्रेणीत भावनिक रितेपणा, रुग्णाविषयीचा अलिप्तपणा आणि स्वतःच्या कामाविषयीची निराशा, असे तीन घटक आले. (अध्यापकांनाही ही लक्षणे अपरिचित नसावीत.) २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटले. म्हणजेच दोष व्यक्तीच्या दुबळेपणात शोधणे चुकीचे ठरते. तो कामाच्या रचनेत शोधावा लागतो. गांधी रुग्णालयातील डॉक्टरांनी तेच मागितले होते.

१० जून रोजी आरोग्यमंत्री ईटला राजेंदर यांनी त्यांच्याशी चर्चा केली. १५ जूनला खाजगी रुग्णालयांतील कोविड उपचारांचे कमाल दर जाहीर झाले. व्हेंटिलेटरसह अतिदक्षता खाटेसाठी दिवसाला ९,००० रुपये. ते दर रुग्णाने द्यायच्या पैशांचे होते. एका खाटेमागे किती परिचारिका असाव्यात, हा प्रश्न त्यांत नव्हता.